वाचक विचारतात : वाइड रिसीव्हर मोकळा होतो तो कसा?

अमेरिकन फुटबॉलबद्दल आलेल्या पत्रांपैकी या वेळी फक्त वाइड रिसीव्हरबद्दलची पत्रं घेतली आहेत. खेळ नवा असणाऱ्यांसाठी काही गोष्टी आधीच सांगतो. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू आणि वाइड रिसीव्हर म्हणजे त्याने फेकलेला चेंडू, म्हणजे पास, पळत जाऊन झेलणारा. यार्ड म्हणजे तीन फूट, मीटरपेक्षा जरासा कमी. रूट म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, म्हणजे स्नॅप झाल्यावर, रिसीव्हरने पळायचा आधीच ठरलेला मार्ग. त्याच्यासमोर उभा राहून त्याला अडवणारा बचावपटू तो कॉर्नरबॅक. त्याला इथे नुसतं कॉर्नर म्हटलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळेच्या ट्रॅक टीममध्ये १०० मीटरला पहिला येतो, पण फुटबॉलमध्ये त्याच्याकडे पासच येत नाहीत. कोच म्हणतात, "तुझे रूट गोल होतात." म्हणजे नेमकं काय? घरी काही करून घेता येईल का?
— एक आई, फ्रिस्को, टेक्सास

कोचचं निदान नेमकं आहे आणि वेगवान मुलांच्या बाबतीत ते फार वेळा खरं ठरतं. जिथे खटकन वळायचं, तिथे मुलगा नाक्यावरून रिक्षा वळावी तसा वळसा घेत वळतो. वळसा बाहेरून बघायला छान दिसतो, पण त्यात दोन नुकसानं होतात.

समजा दहा यार्डांचा आउट रूट आहे, म्हणजे दहा यार्ड सरळ जायचं आणि साइडलाइनकडे काटकोनात वळायचं. क्वार्टरबॅक मुलगा वळायची वाट बघत थांबत नाही. मुलगा वळण्याच्या बेतात असतानाच चेंडू त्याच्या हातातून सुटलेला असतो आणि तो दहा यार्डांवरच्या ठरलेल्या जागी येणार असतो. मुलगा वळसा घेत बारा यार्डांवर पोचला, तर चेंडू त्याच्या दोन यार्ड अलीकडे पडतो. त्या दोन यार्डांत कॉर्नर घुसतो आणि चेंडू तोच पकडतो, म्हणजे इंटरसेप्शन होतं. दोष क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिला जातो, पण चूक रिसीव्हरच्या पायांची असते. दुसरं नुकसान असं की वळसा हळूहळू सुरू होतो, त्यामुळे कॉर्नरला तो आधीच दिसतो आणि वळायला वेळ मिळतो.

ट्रॅकवरच्या मुलांना हे जड जातं, कारण त्यांना थांबायचं शिकवलेलंच नसतं. शंभर मीटर संपल्यावर ती वीस-तीस मीटर पुढे जाऊन थांबतात. अंग ताठ, ढांगा लांब. या खेळात मात्र पूर्ण वेगातून दोन-तीन पावलांत वेग मारता येणं हे निम्मं कसब आहे.

वळतानाची क्रिया अशी. शेवटच्या तीन पावलांत कंबर खाली बसते आणि ढांगा आखूड होतात. छाती गुडघ्यांवर आणि खांदे पायाच्या बोटांवर राहतात. पाठ मागे झुकली की तोल टाचेवर जातो आणि पाय घसरतो. वळणाच्या उलट बाजूचा पाय रोवायचा, म्हणजे उजवीकडे जायचं असेल तर डावा. तो पाय अंगापासून लांब पुढे न टाकता कंबरेच्या खाली, किंचित बाहेर टाकायचा. चवडा आणि पायाची आतली कड जमिनीला भिडते, बोटं समोर किंवा जरा नव्या दिशेकडे असतात. बोटं बाहेर वळली तर सगळा भार गुडघ्यावर तिरका येतो. त्याच क्षणी मान झटक्याने फिरवून डोळे क्वार्टरबॅककडे न्यायचे. मान फिरली की खांदे फिरतात आणि खांद्यांमागे कंबर येते.

आणि हात. वळणाच्या आधी मुलं हात खाली सोडतात किंवा तोल सावरायला पसरतात. कॉर्नर नेमकं तेच बघत असतो. हात थांबले की रूट संपला हे त्याला कळतं. पळतानाची हातांची हालचाल शेवटच्या पावलापर्यंत तशीच चालू राहायला हवी.

घरी सराव असा घ्या. अंगणात किंवा पार्कात दहा यार्डांवर, म्हणजे तीस फुटांवर एक खूण ठेवा. आधी चालत जाऊन पाय रोवायचा, मग अर्ध्या वेगाने आणि शेवटी पूर्ण वेगाने. दोन्ही बाजूंना सहा ते आठ वेळा पुरे, प्रत्येक वेळी निदान मिनिटभर विश्रांती. दमल्यावर केलेला सराव चुकीचीच सवय पक्की करतो. तुम्ही फोन बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रण करा आणि हळू गतीने एकच गोष्ट बघा : डोकं कुठून खाली येऊ लागतं? शेवटच्या तीन पावलांत आलं तर ठीक. पाच-सहा पावलं आधीपासून येत असेल, तर तो कॉर्नरला आगाऊ निरोप देतो आहे. डोकं अजिबात खाली येत नसेल, तर रूट गोलच होणार.

प्रश्न : मी अकरावीत आहे. कॉर्नर अगदी नाकासमोर उभा राहतो आणि स्नॅप होताच छातीवर दोन्ही हात मारतो. माझा स्लँट, म्हणजे तीन पावलं पळून तिरकं आत जायचा रूट, तिथेच मरतो. काय करू?
— विद्यार्थी, एडिसन, न्यू जर्सी

आधी तुझं उभं राहणं तपास. आतला पाय, म्हणजे चेंडूच्या बाजूचा, पुढे. जवळजवळ सगळा भार त्याच पायावर. मागची टाच उचललेली, हात छातीच्या उंचीवर तयार. स्नॅप झाल्यावर पहिलं पाऊल मागच्या पायाचं आणि ते पुढेच पडायला हवं. बहुतेक मुलं निघण्याआधी मागचा पाय आणखी चार-सहा इंच मागे नेतात आणि त्यांना ते कळतही नाही. मागच्या टाचेला टेकून कागदी पेला ठेव आणि दहा वेळा सुटून बघ. पेला पडला तर पहिला पाव सेकंद तू कॉर्नरला फुकट देतो आहेस.

आतला पाय पुढे ठेवण्यामागे गणितही आहे. स्लँटमध्ये पावलं तीन : बाहेरचं, आतलं, बाहेरचं. तिसऱ्या पावलाला बाहेरचा पाय रोवला की आत वळायला तू तयार. उलटा पाय पुढे ठेवलास तर एक पाऊल जास्त किंवा कमी पडतं आणि क्वार्टरबॅकबरोबरची वेळ चुकते.

आता समोरच्याचं बघू. त्याच्या छातीवर थेट चालून गेलास तर तो जिंकणारच, त्यासाठीच तो तिथे उभा आहे. तुला त्याचं अर्धंच अंग हवं : एक खांदा. आत जायचं आहे ना? मग पहिलं पाऊल जोरात बाहेर टाक, खांदा आणि डोळेही बाहेर ने. कबड्डीत चढाई करणारा हूल देतो तशी ही हूल आहे, आणि नियमही तोच : अंगाचा भार त्या बाजूला गेल्यासारखा दिसला नाही तर कुणी फसत नाही. नुसते पाय जागच्या जागी नाचवून काही होत नाही. कॉर्नरची कंबर बाहेर वळली की तू आत.

पाय आधी, हात नंतर. हूल देतानाच तू हात चालवलेस तर त्याला धरायला काहीतरी मिळतं. त्याचा हात तुझ्याकडे आला की त्याच्या मनगटावर किंवा कोपरावर फटका मारून तो खाली पाड आणि दुसरा हात त्याच्या काखेखालून वर ओढत पुढे निघ. हात त्याच्या खांद्यावरून पोहल्यासारखा नेण्याची दुसरी पद्धत उंच मुलांना जमते. उंची कमी असेल तर तीत बरगड्या उघड्या पडतात आणि तो पुन्हा मारतो.

बाजूला सरकायला हद्द आहे. यार्ड-दीड यार्डापेक्षा जास्त आडवा गेलास तर हूल यशस्वी होऊनही रूट वाया जातो, कारण स्लँटचा चेंडू स्नॅपनंतर दीड-दोन सेकंदांत सुटतो. लांबच्या रूटवर मात्र त्याला चुकवल्यावर आणखी एक काम उरतं : परत त्याच्यासमोर, त्याच रेषेत ये. तो तुझ्या थेट पाठीमागे राहिला की तुला ओलांडल्याशिवाय त्याला चेंडूपर्यंत पोचता येत नाही. याला स्टॅक करणं म्हणतात. चांगली सुटका करून पुढे बाजूबाजूने पळत राहणारी मुलं मिळवलेलं सगळं घालवतात.

नियम नीट माहीत असू दे. व्यावसायिक एनएफएलमध्ये १९७८पासून पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला अडवता येत नाही. तुझ्या हायस्कूलच्या नियमांत पाच यार्डांची रेघ नाही. तू कॉर्नरकडे येत असेपर्यंत तो तुला समोरून हातांनी रोखू शकतो. तू त्याच्या बरोबरीला आलास किंवा पुढे निघालास की त्याचा तो हक्क संपतो. म्हणून त्याच्यासमोर रेंगाळणं तुला परवडणारं नाही. आणि वळताना कोपर सरळ करून त्याला ढकलू नकोस. पंचांना सगळ्यात आधी दिसतो तो सरळ झालेला हात, आणि त्याची शिक्षा १५ यार्ड आहे.

प्रश्न : रात्री जागून सामने बघतो. समालोचक "नाइन रूट", "डिग", "पोस्ट" म्हणतात. या आकड्यांचा आणि नावांचा हिशेब काय?
— प्रेक्षक, नाशिक

याला रूट ट्री म्हणतात. एका सरळ खोडाला दोन्ही बाजूंनी फांद्या फुटाव्यात तसं हे चित्र दिसतं. विषम आकडे साइडलाइनकडे, सम आकडे मैदानाच्या मध्याकडे, आणि आकडा वाढतो तसा रूट लांब जातो. संघागणिक थोडा फरक असतो, पण साधारण मांडणी अशी : १ फ्लॅट, तीन-पाच यार्डांवर बाहेर. २ स्लँट, तीन पावलं आणि तिरकं आत. ३ कमबॅक, पंधरा यार्ड जाऊन बाराकडे, साइडलाइनच्या बाजूला परत. ४ कर्ल, बारा जाऊन दहाकडे, आतल्या बाजूला परत. ५ आउट आणि ६ डिग हे काटकोनी भाऊ. आउट साधारण दहा यार्डांवर बाहेर, डिग दहा ते पंधरावर आत. ७ कॉर्नर म्हणजे दहा-बारा यार्डांनंतर मैदानाच्या कोपऱ्याकडे तिरकं. हे रूटचं नाव, खेळाडूचं नव्हे. ८ पोस्ट, तेवढ्याच अंतरावरून गोलपोस्टकडे तिरकं. ९ म्हणजे सरळ, शेवटपर्यंत. ० हा बहुतेक ठिकाणी हिच, पाच-सहा यार्डांवर थांबून वळायचं.

आकड्यांची ही भाषा गाजवली डॉन कोरिएल या प्रशिक्षकाने. १९७८ ते १९८६ या काळात सॅन डिएगो चार्जर्स या त्याच्या संघाचा हल्ला हवाई खेळासाठीच, म्हणजे पास फेकण्यासाठीच ओळखला जायचा. सोय अशी की ८४९ एवढं म्हटलं तरी तीन जणांना आपापलं काम कळतं : एकाला पोस्ट, दुसऱ्याला कर्ल, तिसऱ्याला सरळ. बिल वॉल्श या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या परंपरेतले संघ आकड्यांऐवजी शब्द वापरतात, म्हणून समालोचनात दोन्ही कानावर पडतं.

पण हे झाड पाठ करण्यापेक्षा त्याचं खोड बघा, कारण खरी विद्या तिथे आहे. कमबॅक, कर्ल, आउट, डिग, कॉर्नर, पोस्ट आणि सरळ, या सातही रूटची पहिली दहा यार्डं एकसारखी दिसायला हवीत. तोच वेग, तेच हात, तीच मान. मग कॉर्नरला प्रत्येक वेळी सगळ्यात वाईट शक्यता, म्हणजे ९, गृहीत धरून मागे हटावं लागतं. तो वळून पळू लागला की रिसीव्हर थांबतो आणि कर्ल सहज मिळतो. एखादा रिसीव्हर कर्लच्या वेळी जरा हळू आणि ९च्या वेळी जीव तोडून पळत असेल, तर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत कॉर्नरने त्याला वाचलेलं असतं.

एनएफएलमधला रिसीव्हर जेरी राइसच्या नावावर १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड आहेत, दोन्ही विक्रम. त्याची ख्याती सर्वांत वेगवान म्हणून कधीच नव्हती. त्याचे जुने सामने मिळाले तर चेंडूऐवजी त्याचे पाय बघा. पोस्ट असो की डिग, वळणाआधीची पावलं ओळखू येत नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, १९३५ ते १९४५ या काळात, ग्रीन बे संघाच्या डॉन हटसनने हुलकावणी देत ठरवून वळण्याची ही पद्धत रुजवली. त्याचे ९९ टचडाउन झेल, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे पोचवून गुण देणारे झेल, हा विक्रम १९८९ साली मोडला.

घरी बसून बघण्यासारखी आणखी एक गोष्ट : ९वर धावणारा रिसीव्हर साइडलाइनला चिकटतो का? चांगला रिसीव्हर साधारण पाच यार्डांची जागा मोकळी सोडतो, कारण लांबचा चेंडू त्याच मोकळ्या पट्ट्यात पडायचा असतो. कॉर्नर त्याला बाहेर रेटत रेषेला नेऊन भिडवू पाहतो. त्या पट्ट्यासाठीची ही झटापट टीव्हीवर बहुधा दिसत नाही, कारण कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. मागून घेतलेलं पुनर्दर्शन दाखवतात तेव्हा ती बघून घ्या.

प्रश्न : कॉलेजच्या सामन्यात एक पाय आत असला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये नाही. असे आणखी फरक आहेत का?
— प्रेक्षक, ठाणे

झेलासाठी एनएफएलमध्ये दोन्ही पाय आत टेकावे लागतात, कॉलेज आणि हायस्कूलमध्ये एक पुरतो. दुसरा मोठा फरक बचावपटूने पासात अडथळा आणल्याच्या शिक्षेत आहे. एनएफएलमध्ये चेंडू थेट गुन्ह्याच्या जागी नेतात, मग ते अंतर चाळीस यार्डांचं का असेना. कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्ड. म्हणूनच कॉलेजचा हरलेला कॉर्नर कधीकधी जाणूनबुजून रिसीव्हरला धरतो. टचडाउनपेक्षा १५ यार्ड स्वस्त पडतात. टेक्सासमधली हायस्कूलं कॉलेजच्या नियमांवर आधारित नियमांनी खेळतात, हे तिथल्या पालकांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे, लहानपणापासून क्रिकेट खेळला, स्लिपमध्ये चांगले झेल घेतो. पण फुटबॉल हातात येऊन निसटतो. असं का?
— एक वडील, सनीव्हेल, कॅलिफोर्निया

क्रिकेटचा झेल त्याच्या उपयोगी पडतोही आणि आडवाही येतो. नजर आणि हात मागे घेण्याची सवय उपयोगी आहे. आडवी येते ती ओंजळ. क्रिकेटचा चेंडू गोल आणि लहान, तळहातात रुतून बसतो. हा चेंडू टोकदार आहे, मोठ्यांचा सुमारे ११ इंच लांब आणि १४ ते १५ औंस, म्हणजे चारशे ग्रॅमच्या आसपास, आणि तो स्वतःभोवती फिरत येतो. तळहातावर आदळला की फिरकीमुळे उडतो. फिरकी थांबवायची ती बोटांच्या पेरांनी.

हातांचे आकार दोनच. चेंडू छातीच्या वर असेल तर दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ आणून मधे त्रिकोणी खिडकी करायची आणि त्या खिडकीतून चेंडूचं टोक बघायचं. कंबरेच्या खाली असेल तर करंगळ्या जवळ, बोटं जमिनीकडे. मधल्या उंचीवर, पोटाशी येणारा चेंडू सगळ्यात फसवा, कारण दोन्ही आकार अवघडल्यासारखे होतात. तिथे गुडघे वाकवून किंवा जरा ताठ होऊन स्वतःची उंची बदलायची म्हणजे निवड सोपी होते. खांद्यावरून मागून येणाऱ्या लांब चेंडूला करंगळ्या जवळ, पण हात अगदी शेवटी पुढे करायचे. हात पसरून पळणारा मुलगा हळू होतो, शिवाय पाठमोऱ्या कॉर्नरलाही चेंडू आल्याची खबर देतो.

छातीवर झेल घेण्याची सवय आताच मोडा. छातीवरचं संरक्षक कवच टणक असतं, चेंडू त्यावर आपटून परत उडतो. कोपरं थोडी वाकलेली ठेवून अंगापासून दूर झेल घ्यायचा.

निसटण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र हात नसून डोळे आहेत. चेंडू बोटांना लागायच्या आधीच मुलगा पुढे कुठे पळायचं ते बघतो. चेंडू हातात आल्यावर काखेत जाईपर्यंत हनुवटी खाली वळवून तो बघत राहायला शिकवा. काखेत धरणंही नीट हवं : बोटं पुढच्या टोकावर, मागचं टोक काखेत, बाकी चेंडू हात आणि बरगड्या यांच्यामध्ये घट्ट.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाच यार्डांवरून, मुलगा एक गुडघा टेकून बसलेला, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे प्रत्येकी दहा. गुडघा टेकल्यामुळे अंग मधे आणता येत नाही, हातच वापरावे लागतात. चेंडूच्या चारही फाळ्यांवर खडूने वेगवेगळे आकडे लिहा आणि झेल घेताना समोर दिसलेला आकडा त्याला मोठ्याने सांगायला लावा. मग त्याला पाठमोरा उभा करून चेंडू सोडताना "वळ" म्हणा. चेंडू वयाला साजेसा घ्या. आठवीतल्या मुलाला मोठ्यांचा चेंडू दिला तर लहान हातांमुळे तो पुन्हा ओंजळीकडे वळतो. चिकट हातमोजे मदत करतात, पण सरावाचे निम्मे झेल उघड्या हातांनी घ्यावेत. हाताला चिकट लेप लावायची पूर्वी पद्धत होती, एनएफएलने ती १९८१मध्ये बंद केली.

प्रश्न : सध्या मुलाकडे मुक्कामाला आहोत. नातवाच्या सामन्याला जातो. चेंडू त्याच्याकडे येणार नाही हे आधीच ठरलेलं असतं म्हणे, तरी तो जीव तोडून पळतो. कशासाठी?
— आजी-आजोबा, मुक्काम शिकागो

तुमचा नातू चांगला खेळाडू आहे. तो सरळ पळाला की मागे राखणीला उभा असलेला सेफ्टी त्याच्याबरोबर जातो आणि त्याने सोडलेल्या जागेत दुसऱ्या मुलाला चेंडू मिळतो. तो रमतगमत पळाला तर सेफ्टी जागचा हलणार नाही.

चेंडू घेऊन पळण्याचा डाव असेल तेव्हा त्याचं काम कॉर्नरला थोपवून धरण्याचं असतं. त्यासाठी दोन्ही हात कॉर्नरच्या छातीवर, खांद्यांच्या आत ठेवायचे आणि पाय त्याच्या पायांबरोबर आडवे सरकवत राहायचं. हात बाहेर जाऊन जर्सी धरली किंवा पाठीत ढकललं तर दंड होतो. पुढच्या सामन्याला चेंडूऐवजी पूर्ण डावभर नातवावरच नजर ठेवा, त्याने किती काम केलं ते कळेल.

प्रश्न : वळताना मुलीचा पाय कधी घसरतो, कधी अडकतो. बूट बदलावेत का?
— एक आई, सिअॅटल

कृत्रिम गवतावर लहान आणि संख्येने जास्त खुंट्यांचे बूट, ओल्या खऱ्या गवतावर लांब खुंट्यांचे. हायस्कूलमध्ये खुंटीची लांबी अर्ध्या इंचापेक्षा जास्त चालत नाही. घसरणं त्रासदायक असलं तरी अडकणं जास्त धोक्याचं आहे, कारण पाय जमिनीत राहतो आणि अंग वळतं. गुडघ्याचे अस्थिबंध त्यातच तुटतात. बूट बदला, पण त्याआधी पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पाय कंबरेखाली पडतो आहे ना, ते बघा. लांब टाकलेला पाय कुठल्याही बुटात घसरतो. वळताना गुडघ्यात "कट्" असा आवाज येऊन सूज आली तर त्या दिवशी खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी फ्लॅग फुटबॉल खेळते, म्हणजे खेळाडूला पाडण्याऐवजी तिच्या कमरेचं निशाण ओढून अडवायचा खेळ. आधी खो-खो खेळायचे. रूटची माहिती शोधली की सगळी अकरा जणांच्या खेळाची मिळते. आमच्या पाच जणांच्या खेळात काय बदलतं?
— खेळाडू, पुणे

बरंच बदलतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिला आणि पुरुष दोघांसाठी हाच पाच जणांचा खेळ आहे. मैदान ५० यार्ड लांब, २५ यार्ड रुंद, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची एंड झोन, म्हणजे गोलरेषेपलीकडची पट्टी. म्हणजे रुंदी मोठ्या खेळाच्या निम्म्याहून कमी. दहा यार्डांचा आउट आणि बारा यार्डांचा डिग इथे जशाचे तसे आणू नका. क्वार्टरबॅकवर धावून जाणारी खेळाडू सात यार्डांवरून सुटते, तिला अडवायला कुणी नसतं, त्यामुळे तुमच्याकडे वेळ थोडा. वळणं पाच ते सात यार्डांवर आणा, आणि प्रत्येकीने वेगळ्या खोलीवर वळावं, नाहीतर एकच बचावपटू दोघींना सांभाळते.

धक्काबुक्कीला बंदी असल्याने छातीवर हात मारणारी कॉर्नर इथे नाही. एडिसनच्या विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तरातला हातांचा भाग सोडून द्या, पायांचा भाग मात्र पूर्ण लागू आहे. खो-खोतून आल्यामुळे कंबर खाली ठेवून वळणं आणि हूल देणं तुम्हाला शिकवावं लागणार नाही. एक सवय तेवढी बदलावी लागेल. खो-खोत पळणारी शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी असते, तिला कुणाशी वेळ जुळवायची नसते. इथे तीन हुली देऊन तुम्ही मोकळ्या झालात तरी चेंडू पहिल्या हुलीनंतर येऊन गेलेला असेल. एका रूटमध्ये एकच हूल.

सगळ्यात जास्त फरक पडेल तो समोरचा बचाव ओळखण्याने. त्या माणूस धरून खेळताहेत की जागा धरून? स्नॅपच्या आधी तुमच्यापैकी एकीला आडवं पळवा. तिच्याबरोबर एक बचावपटू मैदानभर गेली तर माणूस धरलेला आहे. सगळ्या एकेक पाऊल सरकून थांबल्या तर जागा. डोळेही सांगतात : तुमच्याकडे बघणारी बचावपटू तुम्हाला धरून आहे, क्वार्टरबॅककडे बघणारी जागा राखते आहे. माणूस धरला असेल तर वळल्यावर थांबू नका, पळत राहा. थांबलात की ती गाठते. जागा धरली असेल तर उलट : दोघींच्या मधल्या फटीत जाऊन थांबा, क्वार्टरबॅककडे तोंड करा आणि हात दाखवा. त्या फटीतून पुढे पळत राहिलात तर तुम्ही स्वतःच दुसऱ्या बचावपटूच्या हद्दीत शिरता. नव्या संघांचे बरेच पास याच एका चुकीने वाया जातात.

झेल घेतल्यावर कमरेचं निशाण हाताने झाकलं तर दंड आहे. मोठ्या खेळातून आलेल्या खेळाडू चेंडू कंबरेजवळ धरतात आणि नकळत निशाण झाकतात. चेंडू छातीशी उंच धरून पळायची सवय सरावातच लावून घ्या.